ॲप अडकलं, तर ब्रॉडबँडवाल्याने फुकट यावं का?

प्रश्न : टीव्हीवर नेटफ्लिक्स सारखं गोल फिरत राहतं. ब्रॉडबँडवाले म्हणतात, "लाइन ओके आहे, घरी आलो तर व्हिजिट चार्ज पडेल." हे बरोबर आहे का?

उत्तर : दोष लाइनचा असेल तर एक पैसा देऊ नका, ॲपचा किंवा टीव्हीचा असेल तर त्यांचं मागणं रास्त आहे. आधी घरीच बघा. ओएनटीवर, म्हणजे फायबर जिला जोडलेली असते त्या डबीवर, ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागलाय? मग फायबर तुटली किंवा दबली आहे, काम त्यांचंच. नसेल तर लॅपटॉपला लॅन केबल लावून फास्ट डॉट कॉम ही वेग मोजणारी साइट उघडा. ही चाचणी नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून होते. फुल एचडीला ५, फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. केबलवर वेग पूर्ण आणि टीव्ही रखडतोय, तर संशय वायफायवर. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड लावा. मध्ये दोन भिंती असतील तर सरळ केबल ओढा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तेच ॲप अडकलं, तर ॲपची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा, ॲप अपडेट करा. जुन्या टीव्हीत स्टोरेजच उरत नाही, हे नेहमीचं दुखणं.

मात्र ओटीटी त्यांच्याच प्लॅनमध्ये विकलेलं असेल, तर ते चालू करून देणं त्यांच्याच गळ्यात. तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) तेवढा मागून घ्या.