पॉक्सो लागत नाही म्हणून केस संपत नाही

ताई, तुमच्या भावावर २००१ साली आश्रमशाळेत अधीक्षकानं अत्याचार केला आणि आता पोलीस ठाण्यातून 'पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) २०१२चा, तुमचं त्याआधीचं' म्हणून परत पाठवलं, हे वाचून राहवलं नाही. मीही विदर्भातल्याच एका वसतिगृहात वाढलो. वकील नाही, त्यामुळे हे अनुभवापुरतं धरा.

पॉक्सो मागच्या घटनेला लागत नाही, एवढं त्यांचं बरोबर. पण दंड संहिता तेव्हाही होतीच. मुलग्यावरचा अत्याचार त्यातल्या कलम ३७७ (अनैसर्गिक संभोग) मध्ये बसत असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, म्हणून 'इतक्या वर्षांच्या आतच खटला' अशा मुदतीचा अडसर नाही. या कलमावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल संमती असलेल्या प्रौढांपुरता होता. २०२४मध्ये संहिता बदलली तरी जुन्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं.

माझ्या स्वतःच्या तक्रारीचं खरं नुकसान नागपुरातल्या एका ठाण्यात झालं. 'काहून आला बाप्पा इतक्या वर्षांनी?' असं विचारत हवालदारानं जबाबात फक्त 'मारहाण व त्रास' लिहिलं आणि एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) फाडून दिली. साध्या मारहाणीला मुदत एक वर्षाची, म्हणजे कागद जन्मतःच मेलेला. पुढे सगळं सांगितलं तर समोरचा वकील म्हणाला, पहिल्या जबाबात हे नव्हतं, आता कुठून आलं? त्या एका कागदाशी भांडण्यातच वर्षं गेली. अजून डोकं तापतं.

म्हणून भावानं लाज बाजूला ठेवून काय झालं ते नेमक्या शब्दांत घरीच लिहावं, आणि इतकी वर्षं गप्प का होता तेही. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाप्रमाणे (२०१३) दखलपात्र, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा एफआयआर नोंदवावाच लागतो, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त उशिराचं कारण पटलं नाही तर आधी प्राथमिक चौकशी लावता येते. शाळा गडचिरोलीत असली तरी झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा) नागपुरात होतो. नाही घेतला तर पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं अर्ज, मग शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोच जपून ठेवा.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. फुकटचा वकील नेहमी वाईट असतो असं नाही, माझा पैसे घेणाराच झोपलेला होता.

आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीतल्या) भावाच्या नोंदीची नक्कल आधी काढा, गुन्हा नोंदवायच्याही आधी. शाळा सरकारी असेल तर माहिती अधिकारात आदिवासी विकास विभागाकडे मागा. अर्जात कारण लिहायची गरज नसते, लिहूही नका.