गुरुत्वाकर्षण: ओढ की रेटा?

प्रश्न: वस्तू एकमेकींना ओढत नसून बाहेरून ढकलल्या जातात, असा सिद्धान्त होता काय?

उत्तर: होय. न्यूटनच्या हयातीतच, १६९० मध्ये, स्विस गणितज्ञ फातिओ यांनी आणि पुढे अठराव्या शतकात जिनिव्हाच्या ल साज यांनी अशी कल्पना मांडली की, अवकाशात सर्व दिशांनी अतिसूक्ष्म कण धावत असतात, दोन गोल एकमेकांच्या आड येऊन त्यांचा काही मारा अडवतात आणि बाहेरचा उरलेला रेटा त्यांना जवळ आणतो. अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम, म्हणजे अंतर दुप्पट झाले की बल एक चतुर्थांश उरते हा नियम, यातून आपोआप निघतो, हे तिचे खरे सौंदर्य. मात्र कण शोषले गेल्यास पदार्थ प्रचंड तापायला हवेत, हा भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांचा १८७५ चा आक्षेप तिला पेलला नाही. आणि कण पूर्ण वेगाने उसळून परततात असे मानले, तर आतल्या आणि बाहेरच्या रेट्यातील फरकच उरत नाही.