पर्यटनामुळे एखाद्या भागाला झालेला आर्थिक फायदा कसा मोजतात? सारंगखेड्यासारख्या, घोडेबाजार भरणाऱ्या यात्रेचा मोजता येतो का?

येतो. फक्त घोड्यांच्या विक्रीचा आकडा त्यात मिसळू नका.

एवढं ठासून सांगतोय, कारण याच आकड्यावरून माझं आणि माझ्या मार्गदर्शक सरांचं बिनसलं. एम.ए.ला असताना मी याच यात्रेवर प्रकल्प केला होता. दत्तजयंतीपासून आठ दिवस तापीकाठच्या घोडेबाजारात वही घेऊन फिरलो. पंजाबचा एक व्यापारी नऊ घोडे घेऊन आला होता. आचारी सोबत आणलेला, घोड्यांचा हरभराही गावाकडूनच पोत्यांत भरून आणलेला. त्याची घोडी गुजरातच्या एका माणसाने माझ्यादेखत साडेचार लाखांना घेतली. सरांनी ते साडेचार लाख सरळ ‘यात्रेचं उत्पन्न’ म्हणून धरले. अहो, पैसा आला गुजरातमधून आणि गेला पंजाबला! सारंगखेड्यात राहिलं काय, तर जागेचं भाडं, कडब्याच्या पेंढ्या, पाण्याचा टँकर, नाल ठोकणाऱ्याची मजुरी आणि शेण उचलणाऱ्या दोन पोरांचा रोज. मी पेंढ्यासुद्धा मोजून लिहिल्या होत्या.

त्याच यात्रेत माझ्या काकूचं भरीत-भाकरीचं दुकान होतं. रात्री गल्ला मोजताना मी म्हटलं, काकू, आज चांगली कमाई झाली. तिने निम्म्याहून थोड्या कमी नोटा बाजूला सारल्या आणि म्हणाली, “तो पैसा मना नही रे भाऊ, तो तेलवालाना शे.” वांगी आणि कळण्याचं पीठ घरचं, भाकरी थापणाऱ्या बाया गावातल्या. तेल, गॅस, पत्रावळी मात्र बाहेरून. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. काकूने ती शिकल्याशिवाय बरोबर वजा केली, सरांनी केली नाही.

आणखी एक. जवळच्याच शहाद्याचा माणूस यात्रेत भांडी घेतो, ती त्याने एरवी शहाद्यातच घेतली असती. तो पैसा भागासाठी नवा नाही. म्हणून आधी प्रत्येकाला विचारा: कुठून आलात, यात्रेसाठीच आलात का, किती रात्री थांबणार, कशावर किती खर्च केला. मुक्कामी आणि त्याच दिवशी परतणारे वेगळे ठेवा, दोघांच्या खर्चात फार फरक असतो. त्यातून गळती वजा करा. उरलेला पैसा गावात पुन्हा खर्च होतो, म्हणजे भाकरी थापणारी बाई त्यातून किराणा भरते, तो परिणाम गुणकाने, म्हणजे मूळ पैशाला एका आकड्याने गुणून, धरतात. देशपातळीवर यासाठी पर्यटन उपग्रह लेखा, म्हणजे देशाच्या एकूण हिशेबातून पर्यटनाचा वाटा वेगळा काढून दाखवणारा हिशेब बनवतात, भारताचा पहिला 2002-03 सालचा. पण एका यात्रेला तो लावता येत नाही, तिथे पायी फिरूनच माहिती काढावी लागते.

‘भाग’ म्हणजे नेमका कोणता, हेही आधी ठरवा. सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, पण रेल्वेने येणारा उतरतो दोंडाईच्याला, म्हणजे धुळे जिल्ह्यात. नंदुरबारपुरतं मोजलं तर दोंडाईच्याच्या रिक्षावाल्याची कमाई बाहेर जाते, खानदेश धरला तर आत येते. अजिंठ्याचंही तेच. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, तिकिटाचा पैसा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, पण कितीतरी पर्यटक जळगावला उतरून तिथूनच गाडी करतात. जळगावच्या त्या गाडीवाल्याला कोणत्या हिशेबात धरणार?

हो, विकणारा इथलाच असेल तर घोड्याची किंमत मोजायला हरकत नाही, मात्र त्यातून बाहेरून घेतलेला चारा आणि औषधं वजा करून. दलालाची दलाली इथे राहिली तर तीही धरा. माझं सर्वेक्षण एकाच वर्षाचं होतं, हेही मान्य.

सरांनी शेवटी त्यांचाच आकडा छापला, खाली माझं नाव घालून. तो अहवाल कुठे हाती लागला तर त्यातला एकूण उलाढालीचा तक्ता सोडून द्या. मागच्या परिशिष्टात कडब्याच्या पेंढ्यांचा हिशेब आहे, तो वापरा.