ऑटो पे चालू, लेट फी शून्य, तरी बाकी हलत नाही? फॉर्मवरचा चौकोन बघा

"दर महिन्याला वेळेवर भरतोय, तरी क्रेडिट कार्डाची साठ हजारांची बाकी उतरत नाही" हे तुमचं वाक्य वाचलं आणि २०१७ सालचा मीच समोर उभा राहिलो.

ऑटो डेबिटच्या (खात्यातून बिल आपोआप कापलं जाण्याच्या) फॉर्मवर दोन चौकोन असतात: पूर्ण बिल आणि किमान देय रक्कम. पगाराआधी खात्यात खडखडाट असायचा, म्हणून मी किमानवर खूण केली. पुढच्या महिन्यात बदलू म्हणालो. ते चौदा महिने तसंच राहिलं. दर महिन्याला "पेमेंट मिळाले, धन्यवाद" असा मेसेज यायचा आणि मी निवांत.

ढोबळ हिशेब सांगतो (प्रत्येक बँकेचं सूत्र वेगळं, आपलं बिल बघा). साठ हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. किमान रक्कम ५ टक्के धरली तर ३,०००. मुद्दलातून गेले किती? ५२२. शिवाय बाकी थकलेली असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही. नवीन किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून सध्या ते कार्ड कपाटात ठेवा.

बिलावर छापलेला तो किमान रकमेचा छोटा आकडाच डोक्यात खुंटी ठोकतो, आणि आपण त्याच्याच आसपास भरतो. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाचे नील स्टीवर्ट यांनी २००९ मध्ये हेच दाखवलं: नमुना बिलावरून किमान रक्कम काढून टाकली, तर अर्धवट भरणारे लोक बरंच जास्त भरायला तयार झाले. म्हणजे आपण एकटेच बावळट नाही.

खूण बदलायला शाखेत गेलो, तर "कार्डाचं इथे काही होत नाही". कॉल सेंटर म्हणे, शाखेत जा. तीन शनिवार गेले, त्यातला एक दुसरा शनिवार निघाला! फोनवर बोलूच नका, ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या.

खरी लाज पुढेच आहे. त्याच काळात माझी ऐंशी हजारांची एफडी होती. "लेकीची आहे, हात लावायचा नाही." तिथे वर्षाला सात टक्के मिळवत होतो, इथे कार्डावर बेचाळीस भरत होतो. बायकोने एका संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा मोडली.

मी सल्लागार नाही, पण एफडी किंवा सोनं पडून असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मोडा आणि बाकी फेडा. आणि बाकी फेडून कार्ड बंद करायचं ठरवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे सात कामकाजी दिवसांत बंद व्हायला हवं. नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. अर्ज लेखीच करा.

चौकोन कुठला निघाला ते इथे कळवा.