किनाऱ्यावर निघण्याआधी विहिरीत डोकाव

समुद्रातल्या खडकांवर कोणता जीव कोणत्या पट्ट्यात राहतो हे शिकायचंय, पण समुद्र पाहिला नाही म्हणून बिचकू नको रे भाऊ. दारव्ह्याकडच्या कोणत्याही बांधीव विहिरीत वाकून पाहा, हिरवळ उजेड पोचतो तिथवरच. खडकाळ समुद्रतळाचंही गणित तेच, रहिवासी तेवढे जास्त.

रत्नागिरीची सहल अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास धर, तेव्हा ओहोटी चांगली आत जाते. वरच्या खडकावर बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचवाले प्राणी), कालवं. खाली उल्वा हे हिरवं शैवाल, त्याखाली सरगॅसम हे तपकिरी. लाल शैवालं कमी उजेडातही तगतात. बहामाजवळ तर 268 मीटर खोल त्यांचा पापुद्रा सापडलाय, पण तिथलं पाणी नितळ. आपल्या कोकणात गढूळपणामुळे शैवालं लवकर संपतात, मग स्पंज आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे, पोवळ्यांचे नातलग) हे प्राणी जागा बळकावतात. त्यांना उजेडापेक्षा वाहतं पाणी महत्त्वाचं, अन्न त्यातूनच येतं.

प्रत्येक जातीच्या पट्ट्याची वरची हद्द बहुधा ऊन ठरवतं, खालची शेजारी किंवा खाणारे. जीवशास्त्रज्ञ कॉनेलनं 1961 मध्ये स्कॉटलंडच्या बार्नेकलांवर हे दाखवलं: एक जात वाढता वाढता दुसरीला खडकावरून अक्षरशः उखडते. मला तर अख्ख्या विषयात हेच सगळ्यात भारी वाटतं.

वहीत नुसती नावं उतरवू नको, प्रत्येकापुढे ओहोटीच्या पाण्यापासूनची उंची लिही. आणि साधी चप्पल घालून जाशील तर उल्वावरून सरळ आपटशील, बूट घे.