निवृत्त वडिलांना या वयात नवीन काही शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६९ वर्षांचे आहेत, साखर कारखान्यात हिशेब विभागात नोकरी झाली, आई गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ टीव्हीसमोर असतात. त्यांना कुठल्या क्लासला घालावं, आणि या वयात डोक्यात काही शिरतं तरी का, असं तुम्ही विचारलंय.

मी ७२ वर्षांची आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाले, पुण्यात राहते. ६६व्या वर्षी मोडी लिपी शिकायला बसले आणि आज त्याच वर्गात नवीन येणाऱ्यांच्या वह्या तपासते. त्यामुळे ‘शिरतं का’ याला माझं उत्तर सरळ आहे: शिरतं. मात्र कसं शिरतं आणि कुठे शिरत नाही, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझाही पहिला वर्ग वाया गेला होता.

आधी एक गोष्ट. ‘घालावं’ हा शब्द घरात वापरू नका. शाळेत मुलांना घालतात. ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्याचा ताळेबंद पैशापैशाला जुळवला, त्याला कोणी कशात घालत नाही, तो जातो. शब्दाचा एवढा काय फरक पडतो असं वाटेल, पण माझ्या सुनेने ‘आई, तुम्हाला तिथे घालू या का’ म्हटलं तेव्हा मला आत कुठेतरी लागलं होतं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी लागलंच.

तो पहिला वर्ग मोबाइल शिकवण्याचा होता, खास ज्येष्ठांसाठी. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चाळीसेक माणसं. शिकवणारा मुलगा आमच्याशी बालवाडीत बोलतात तसं मोठ्याने, तोडून तोडून बोलायचा. प्रत्येक गोष्टीनंतर टाळ्या. तिसऱ्या दिवशी अंताक्षरी, सामोसा आणि सगळ्यांच्या हातात प्रमाणपत्र. मला बँकेचं ॲप उघडता येत नव्हतं आणि प्रमाणपत्रावर माझं नाव होतं. घरी येऊन मी ते कपाटात खाली ठेवलं आणि चार महिने कशाकडे वळले नाही. शिकायला गेलेल्या माणसाची नुसती करमणूक करून त्याला घरी पाठवणं हा त्याचा अपमान आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. विरंगुळा हवा असेल तर ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भजनी मंडळं आहेत, सकाळी बागेतला कट्टा आहे. तेही हवंच. पण शिकणं वेगळं, आणि तुम्ही शिकण्याबद्दल विचारलंय.

मोडीकडे मी का वळले ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा, १९७५च्या सुमारास, एखादं पोस्टकार्ड मोडीत पत्ता लिहिलेलं यायचं. आमच्या ऑफिसात एक जुने पोस्टमन मामा होते, ते चष्मा कपाळावर सरकवून क्षणात वाचून द्यायचे. ते निवृत्त झाले आणि तशी कार्डं आली की आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसायचो. साधारण १९५०पर्यंत मोडी शाळेत शिकवत होते. माझे वडील सही मोडीत करत. एका पिढीत घरातलं अक्षर आम्हाला परकं झालं, याची खंत माझ्या मनात चाळीस वर्षं होती. ग्रंथालयाच्या फळ्यावर ‘मोडी वर्ग, दर शनिवारी’ अशी पाटी दिसली तेव्हा मी आत जाऊन नाव दिलं, घरी नंतर सांगितलं.

मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. म्हणजे अक्षर ओळखलं तरी शब्द कुठे तुटतो ते तुम्हीच ठरवायचं, आणि त्यासाठी मजकूर काय असू शकेल याचा अंदाज लागतो. माझा अनुभव असा की अक्षरं तरुण मुलं आमच्यापेक्षा कितीतरी लवकर उचलतात. मला बाराखडी पक्की व्हायला अडीच महिने लागले, बाजूला बसणाऱ्या कॉलेजच्या मुलीला तीन आठवडे. अंदाजाच्या बाबतीत मात्र उलटं होतं.

आमच्या वर्गात मावळातल्या एक आक्का होत्या. ७८ वर्षांच्या, शाळा चौथीपर्यंत. नातवाने आणून सोडायचं, न्यायला यायचं. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी घरातला एक कागद आणला होता. त्यांच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी सापडलेला, घडीवर चिरलेला. घरात दोन पिढ्या अशी समजूत होती की ते कर्जाचं गहाणखत आहे, म्हणून कोणी उघडायला धजत नव्हतं. आम्ही तो चार शनिवार वाचत होतो. नावं लागली, धान्यं लागली: भात, नाचणी, वरई. आकड्यांपुढच्या उभ्या रेघाही लागल्या, एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पण आकड्यांच्या आधी कुठे ‘चि’ आणि कुठे ‘नि’ असं एकेकच अक्षर होतं, तिथे गाडी अडली. आमच्या शिक्षिका इतिहासात एम.ए., सत्तावीस वर्षांची हुशार मुलगी. तिने दोनतीन शब्द सुचवले, एकही बसेना.

आक्का तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं पोरी, निळवं असंल ते. चिपट्याहून लहान माप.” आणि त्यांनी उजव्या हाताची ओंजळ अर्धी मिटून दाखवली, एवढं. मग आपसूक माळ लागली: निळवं, चिपटं, शेर, अधोली, पायली. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. सासरी त्यांनी स्वतः या मापांनी धान्य मोजलं होतं. शिक्षिकेने खडू ठेवला आणि वही काढून आक्कांसमोर खुर्ची ओढली. कागद कर्जाचा नव्हता. दुष्काळी साली काकांच्या पणजोबांनी भावकीत कोणाला किती धान्य दिलं त्याची ती यादी होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि कप हातात घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर या प्रसंगात आहे. वयस्क माणसाला वर्ग असा हवा की त्याच्याकडून खरं काम मागितलं जाईल, आणि त्याने आयुष्यात जे हाताळलंय ते तिथे उपयोगी पडेल. मग तो गृहपाठही करतो, जिनाही चढतो.

पाठांतराचं सांगते. जुन्या कागदांवर शुहूर सन असतो, म्हणजे तेव्हाची एक कालगणना, आकडे अरबी. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला पाऊस लागल्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. जानेवारीतला कागद असेल तर ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१, पानिपत. हे मला तोंडपाठ व्हायला सहा महिने लागले. संध्याकाळी पाठ केलेलं सकाळी पुसलं जायचं. मग मी फ्रिजवर चिठ्ठी लावली आणि दूध तापेपर्यंत रोज म्हणू लागले. आठवड्याला एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं आमच्या वयाला मानवतात. हे मला टाळेबंदीने शिकवलं. २०२०मध्ये वर्ग बंद पडला तेव्हा शिक्षिका रोज सकाळी ग्रुपवर एका ओळीचा फोटो टाकायच्या, एकच ओळ, आणि आम्ही दुपारपर्यंत ती वाचून पाठवायचो. त्या दीड वर्षात माझं वाचन जितकं सुधारलं तितकं आधी वर्गात बसून सुधारलं नव्हतं. त्याच काळात माझे मिस्टर गेले. सकाळची ती ओळ नसती तर माझे काही दिवस कसे गेले असते मला माहीत नाही. म्हणून तुम्ही आईबद्दल लिहिलेलं वाचून मी उत्तर द्यायला बसले.

वडिलांसाठी काय निवडावं? मोडीच शिका असा माझा आग्रह नाही, पण हिशेबनीस माणूस असेल तर माझं मन तिकडे ओढ घेतं हे खरं. मोडी कागदांत जमाखर्च भरपूर असतात. ज्यांना पत्रांतली भाषा अवघड जाते ते जमाखर्चात रमतात, कारण बेरीज जुळली की वाचन बरोबर आलं हे आपलं आपल्यालाच कळतं. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून, म्हणजे जुनी सरकारी दफ्तरं सांभाळणाऱ्या खात्याकडून, मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग होतात, वर्तमानपत्रात येतं. कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे, तुमच्या भागाला ते जवळ पडत असेल तर तिथे विचारा. पुण्याचं तर सगळ्यांना पेशवे दफ्तर म्हणूनच माहीत आहे. आणि वाचणारे कमीच पडतात. २०२३च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा गावोगावचे लोक मोडी वाचणारा माणूस शोधत होते. आमच्या वर्गातही ओळखीने लोक कागद घेऊन आले.

त्यांना पदवीची हौस राहून गेली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, नाशिकचं, १९८९पासून. घरी बसून अभ्यास, परीक्षेला केंद्रावर जायचं. ज्यांच्या घरात आजीने कधी पाटीच धरली नाही त्यांनी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा आठवावी. २०१६च्या महिला दिनाला सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी बसायच्या. त्यांनी शाळेची वेळ कामं उरकल्यानंतरची ठेवली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. परदेशात अशाच वर्गांना ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ म्हणतात. १९७३ साली फ्रान्समध्ये तुलूझला ते सुरू झालं, तिथे विद्यापीठातले प्राध्यापक शिकवत. पुढे इंग्लंडने त्यात बदल केला: सभासदांनीच सभासदांना शिकवायचं. आमचा शनिवार हळूहळू त्याच वाटेने गेला, कोणी ठरवलं नव्हतं.

वर्ग नक्की करायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः जाऊन बघून या. जिना किती, कठडा आहे का, त्याच मजल्यावर स्वच्छतागृह आहे का. शेवटची गोष्ट कोणी विचारत नाही, आणि पुष्कळ माणसं, विशेषतः मधुमेहवाली, त्याच कारणाने येणं सोडतात. लाजेने सांगत नाहीत, ‘जमत नाही’ म्हणतात. खुर्चीला पाठ आहे का बघा. उजेड मागून येतो की डोळ्यांवर. झेरॉक्स मोठ्या अक्षरात देतात का. शिक्षकांना विचारा, गृहपाठ असतो का आणि चुका दाखवता का. ‘छे छे, ज्येष्ठांना कुठे त्रास द्यायचा’ असं उत्तर आलं तर पुढचा वर्ग शोधा. आणि एखादा महिना बुडाला तर काय करतात हेही विचारा, कारण बुडतोच. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा पाच शनिवार गेले. आक्का फोन करून मला धडा वाचून दाखवायच्या, अडखळत, एकेक अक्षर लावत.

वडील पहिल्यांदा ‘नको’ म्हणतील. आग्रह करू नका, पण विषय सोडूनही देऊ नका. चार लोकांत आपलं चुकेल ही भीती मोठ्या हुद्द्यावर राहिलेल्या माणसाला जास्त असते. म्हणून सुरुवात घरातून करा. गावच्या घरी पोटमाळ्यावर, पेटीत, देवघराच्या फडताळात एखादा जुना मोडी कागद असतोच. तो शोधा आणि त्यांच्यासमोर ठेवा, वर्गाचं नाव न काढता. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या. घडी जबरदस्तीने उलगडू नका, फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा जातो. साध्या सुती कापडात किंवा जाड कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. कागद सापडला आणि काही अडलं तर फोटो इथेच खाली टाका, मी रोज सकाळी बघते.