कॅमेऱ्याचा विमा आहे, पण लाइट स्टँड पाहुण्याच्या अंगावर पडला तर?

फोटोग्राफीच्या साहित्याचा विमा आणि व्यवसायातली जबाबदारी यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दोन बॉडी, पाच लेन्स, फ्लॅश, गिंबल हे सगळे आज नवीन घ्यायचे तर 8 लाख लागतील. एजंट म्हणतात, वस्तू जुन्या आहेत, 5 लाखांचाच विमा काढा, हप्ता वाचेल. काढू का? – एक वाचक, सांगली

काढू नका. यात हप्त्याचे थोडे पैसे वाचतात आणि क्लेमच्या वेळी मोठी रक्कम जाते. इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसीत विमा रक्कम ही तशाच नव्या वस्तूच्या आजच्या किमतीइतकी धरावी लागते. कमी धरली की प्रत्येक क्लेम त्याच प्रमाणात कापला जातो. समजा 70-200 लेन्स पडली आणि दुरुस्ती 64,000 रुपयांची निघाली. तुमचा विमा 8 पैकी 5 भागांचाच, म्हणून देय रक्कम 40,000. त्यातून एक्सेस, म्हणजे स्वतः सोसायची रक्कम, वजा. ती 2,500 असेल तर हातात 37,500. पूर्ण रकमेचा विमा असता तर 61,500 मिळाले असते.

मग जुनेपणाचा हिशोब कुठे येतो? वस्तू पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर घसारा वजा करून पैसे मिळतात. दुरुस्तीच्या क्लेममध्ये सुट्या भागांवर सहसा घसारा लावत नाहीत, मात्र ठराविक आयुष्य असलेल्या भागांना हा नियम लागू नसतो. म्हणून एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा : घसाऱ्याचा दर किती, आणि एक्सेस किती.

आणखी एक जागा नीट वाचा. स्टुडिओचा किंवा दुकानाचा विमा बहुतेक वेळा त्या पत्त्यापुरताच असतो. तुमचा कॅमेरा तर मुहूर्ताला मंगल कार्यालयात असतो. त्यामुळे वस्तू बाहेर नेतानाचे, भारतभराचे संरक्षण पॉलिसीत वेगळे लिहून घ्या. शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या यादीत, प्रत्येक वस्तूचे मॉडेल, सिरियल नंबर आणि किंमत स्वतंत्र ओळीत हवी. ‘कॅमेरा व इतर साहित्य’ एवढ्यावर समाधान मानू नका, गिंबल आणि फ्लॅश हमखास तिथेच अडकतात. बिलाशिवाय स्वस्तात घेतलेल्या लेन्सची मालकी सिद्ध करणे अवघड जाते. आणि हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही. विमा कायद्याचे कलम 64VB तेच सांगते, त्यामुळे एजंटने ‘करून टाकतो’ म्हटले म्हणजे विमा झाला असे समजू नका.

प्रश्न : लॉनबाहेर उभ्या केलेल्या गाडीतून बॅग गेली. गाडी लॉक होती, काच फुटलेली नाही. पोलिसांच्या वेबसाइटवर हरवल्याची नोंद केली होती. कंपनीने क्लेम नाकारला. – एक वाचक, नाशिक

नकाराची दोन कारणे दिसतात. पहिले कारण पॉलिसीच्या शब्दांत आहे. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हीच अट मान्य केली आहे. गाडीतल्या सामानासाठीही बहुतेक पॉलिसींत गाडी बंद असणे, सामान डिकीत असणे आणि कुलूप किंवा काच तोडल्याचा पुरावा असणे अशा अटी असतात. तुमच्या पॉलिसीत साध्या चोरीचा समावेश आहे का, ते आधी पाहा. असेल तर दावा लढवण्यासारखा आहे.

दुसरे कारण म्हणजे ऑनलाइन नोंद. ती वस्तू गहाळ झाल्याची नोंद असते, एफआयआर नव्हे. चोरी झाली असेल तर तक्रारीत ‘हरवली’ असे कधीही लिहू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी जवळच्या ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो. त्यात सिरियल नंबर लिहून घ्या. पुढे तपास न लागल्याचा पोलिसांचा अहवालही कंपनी मागते.

आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा 50 लाखांची आहे, आणि एकमालकी व्यवसायालाही हा मार्ग खुला आहे.

प्रश्न : लेन्सला बुरशी आली, विमा मिळेल का? आणि प्री-वेडिंगला कॅमेरा समुद्रात पडला तर? – एक वाचक, मडगाव

बुरशीला मिळत नाही. हळूहळू होणारी खराबी वगळलेलीच असते. ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. समुद्रात पडणे हा अचानक झालेला अपघात असल्याने ऑल रिस्क पॉलिसीत, म्हणजे वगळलेली कारणे सोडून बाकी सगळे अपघाती नुकसान धरणाऱ्या विम्यात, बसू शकतो. मात्र कॅमेरा सुरू करून पाहू नका. बॅटरी आणि कार्ड लगेच काढा, कारण ओल्या सर्किटमधून वीज गेली की खाऱ्या पाण्याने गंज झपाट्याने धरतो. फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, पाहण्याआधी कोणाकडूनही उघडून घेऊ नका.

प्रश्न : हॉटेलवाले ‘लायबिलिटी’ पॉलिसी मागतात. कॅमेऱ्याच्या विम्यात ती नसते का? – एक वाचक, पुणे

नसते. या सगळ्यात दुर्लक्षित राहणारा मुद्दा हाच आहे. हळदीच्या गर्दीत कोणी वायरीत पाय अडकून पडले, सॉफ्टबॉक्ससकट स्टँड पाहुण्याच्या अंगावर आला, तर उपचाराचा आणि भरपाईचा दावा लेन्सच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा होऊ शकतो. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते. मागताना बिगर-औद्योगिक जोखमीची मागा. 1991 च्या कायद्याखालची याच नावाची पॉलिसी घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते, हॉटेलने मागितलेला आकडा त्यातल्या पहिल्याशी ताडून पाहा.

ही पॉलिसी बाहेरच्या माणसांसाठी आहे. पगारी असिस्टंट जखमी झाला तर कर्मचारी नुकसानभरपाईचे वेगळे संरक्षण हवे. भाड्याने आणलेली लेन्स तुमच्या ताब्यातली वस्तू, म्हणून तीही यात येत नाही. ती साहित्याच्या पॉलिसीत भाड्याची म्हणून नोंदवा.

अपघात झाला तर आधी माणसाला दवाखान्यात न्या. पण ‘चूक आमची, सगळा खर्च देतो’ असे लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करणे अटींविरुद्ध असते. स्टँडचा एक पाय दिव्याच्या वजनाच्या दिशेला ठेवा, त्यावर सँडबॅग टाका, वायर जमिनीला टेपने चिकटवा.

प्रश्न : कार्ड खराब झाले, लग्नाचे फोटो गेले. ग्राहक दावा करणार म्हणतो. – एक वाचक, कोल्हापूर

साहित्याचा विमा फार तर कार्डाचे पैसे देईल, फोटोंचे नाही. त्यासाठी प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी असते. ती ‘क्लेम्स मेड’ तत्त्वावर चालते : दावा येताना पॉलिसी चालू हवी आणि चूक तिच्यात लिहिलेल्या मागील तारखेनंतरची हवी. आता काढून या दाव्याला उपयोग नाही. ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षे असतात. त्याआधी कार्ड डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि त्यावर पुन्हा काही शूट करू नका. मिळाले नाही तर पैसे परत करण्याची लेखी तयारी दाखवा.

पुढच्या ऑर्डरीपासून कॅमेऱ्यातला कार्डाचा दुसरा स्लॉट ‘ओव्हरफ्लो’वर (पहिले भरले की दुसरे) नको, ‘बॅकअप’वर (प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर) ठेवा. अल्बम हाती पडेपर्यंत कार्ड पुसू नका. करारात भरपाईची कमाल रक्कम लिहा. आयोग ती डोळे झाकून मान्य करेलच असे नाही, पण काहीच लिहिलेले नसण्यापेक्षा बरे.

प्रश्न : ड्रोनचे काय? – एक वाचक, अलिबाग

ड्रोन नियम, 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही, त्यावरच्याला आहे. ड्रोनचे स्वतःचे नुकसान त्यात येत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. वरच्या कॅमेरा पॉलिसीत ड्रोन आपोआप बसत नाही, उडणारी उपकरणे बहुधा वगळलेली असतात.